सोमवारचा साक्षीदार

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी लावण्या म्याकल हिचा रिपोर्ट लॅबमधून बाहेर पडला. दुपारी दोन वाजता तिचं अख्खं जठर काढायचं, हे त्या रिपोर्टावर ठरलं होतं.

रिपोर्ट न्यायला तिचा थोरला भाऊ आला होता, अंबादास गड्डम. मातकट रंगाचा सफारी शर्ट, हातात स्कूटरची चावी. त्याने कागद घेतला, वरून खाली वाचला, मग परत वर गेला.

"काय ओ मॅडम, सगळं इंग्लिश. कॅन्सरच का?"

"हो," डॉ. हेमलता कुंभोजकर म्हणाल्या. "बसा अंबादास. नीट सांगते."

ही गोष्ट सोलापूरची, मार्च २०११ मधल्या एका बुधवारची. कुंभोजकर मॅडमच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो, नऊ वर्षं झाली होती. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचेच्या स्लाइडवर चढवून रंगवायचे आणि मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, हे माझं काम. बघणं आणि सांगणं त्यांचं.

मॅडमनी एका पाकिटाच्या पाठीवर पेनने गोल काढले, एकमेकांना चिकटलेले.

"पोटाच्या आतल्या पेशी अशा एकमेकींना धरून असतात. प्रत्येकीच्या अंगावर धरून ठेवणारा एक रेणू असतो. ई-कॅडहेरिन त्याचं नाव. तो जिथे असेल तिथे आम्ही तपकिरी रंग आणू शकतो. या जातीच्या कॅन्सरमध्ये तो रेणूच हरवतो. मग पेशी कुणाला धरत नाही. एकेकटी सुटते आणि भिंतीत घुसत जाते. तुमच्या बहिणीच्या तुकड्यात रंग आला नाही."

"म्हणजे सुटलेत."

"हो."

"आमच्या आईला हेच हुतं का?"

"तेव्हा ही तपासणी इथे होत नव्हती. सांगता येणार नाही."

अंबादासने पाकीट मागून घेतलं, रिपोर्टाबरोबर घडी करून खिशात ठेवलं आणि गेला.

लावण्या चौतीस वर्षांची. शाळेचे गणवेश शिवायची. दिवसभर मशीनवर वाकून पाठ धरायची, म्हणून दोन वर्षं मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खात होती, घरात कुणाला न सांगता. आठ दिवसांपूर्वी तिला रक्ताची उलटी झाली. दुर्बिणीने पाहिलं तर जठरात मोठा व्रण. व्रणाच्या कडेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा आमच्याकडे आला. त्यात अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशी होत्या, पोट फुगलेलं आणि केंद्रक एका बाजूला ढकललेलं. अशा पेशी म्हणजे बहुतेक वेळा कॅन्सर. पण क्वचित, व्रणाच्या आसपास, मरायला टेकलेल्या साध्या पेशीही फुगून अगदी तशाच दिसतात. बाकी दोन तपासण्या काठावर होत्या. लावण्याची आई एक्केचाळिसाव्या वर्षी जठराच्या कॅन्सरने गेली होती, मामा अडतिसाव्या. म्हणून मॅडमनी हा तपकिरी रंग करायला सांगितला. रंग आला तर साध्या पेशी, नाही आला तर कॅन्सर.

पुण्याहून दर पंधरवड्याच्या बुधवारी येणारे सर्जन डॉ. सबनीस त्या दिवशी शहरात होते. रविवारी लावण्याला पुन्हा रक्त पडलं होतं. चार बाटल्या चढवून तिला ऑपरेशनसाठी तयार केलं होतं. सगळे या एका रिपोर्टासाठी थांबले होते.

अकरा पंचवीसला मॅडमनी हाक मारली.

"रियाज, ही अक्कलकोटची बाई. स्तनाची गाठ. तोच रंग ना?"

"हो मॅडम. काल केलेला."

"यात रंग चढलाच नाहीये. गाठीत नसता तर समजलं असतं. पण शेजारच्या चांगल्या दुधाच्या नळ्या आहेत ना, त्यासुद्धा कोऱ्या. हे कसं होईल? परत कर."

"करतो."

"आणि कंट्रोल तर छान आहे. मग हिलाच काय झालं? स्लाइड सुकली का मधेच?"

"बघतो," म्हणालो आणि स्लाइड घेऊन माझ्या खोलीत आलो.

कंट्रोल म्हणजे साक्षीदार. ज्या तुकड्यात रंग यायलाच हवा असं आधीच ठाऊक आहे, त्याची एक स्लाइड पेशंटच्या स्लाइडबरोबर सगळ्या पायऱ्यांतून न्यायची. शेवटी साक्षीदार तपकिरी झाला, तर रसायनं, वेळ, तापमान सगळं ठीक होतं असं समजायचं. आमचा साक्षीदार ॲपेंडिक्सचा होता.

मी ट्रे पुढे ओढला. मंगळवारच्या कुकरमधून दोनच पेशंट निघाले होते. अक्कलकोटची बाई आणि लावण्या म्याकल.

कुकर म्हणजे खरोखरच कुकर, पाच लिटरचा, घरात असतो तसला. तुकडा टिकावा म्हणून फॉर्मॅलिनमध्ये ठेवला की पेशीवरचे रेणू झाकले जातात. ते उघडे पडायला स्लाइड एका द्रावणात घालून कुकरमध्ये तीन शिट्ट्या द्यायच्या. न शिजलेल्या स्लाइडवर रंग बसत नाही. रेणू असला तरी बसत नाही.

आणि साक्षीदार त्या कुकरमध्ये नव्हता.

वर्षभरापूर्वी मी स्वतःच एक सोय काढली होती. रोज एकेक साक्षीदार कापत बसण्यापेक्षा सोमवारी एकदम चार कापायचे, शिजवायचे आणि द्रावणात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचे. मग आठवडाभर रंगाच्या वेळी एकेक काढायचा. वेळ वाचायचा. मॅडमना हे मी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. त्या मंगळवारचा साक्षीदार सोमवारच्या कुकरमधला होता. तो सोमवारबद्दल खरं सांगत होता. मंगळवारच्या कुकरमध्ये काय झालं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

घड्याळात साडेअकरा झाले होते. खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो असा, की अक्कलकोटची स्लाइड गुपचूप परत करावी, लावण्याचीही करावी, आणि रंग आला तरच बोलावं. त्याला तीन-साडेतीन तास लागले असते. दोन वाजता सबनीसांनी सुरी हातात घेतली असती. हा हिशेब डोक्यात पुरा व्हायला चार मिनिटं लागली. मग मी उठलो.

"मॅडम, म्याकलच्या स्लाइडबद्दल बोलायचंय."

"काय?"

मी सांगितलं. फ्रिजमधल्या साक्षीदारापासून सुरुवात केली. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. ऐकता ऐकताच लावण्याची स्लाइड पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातली.

"किती दिवस करतोयस हे?"

"वर्ष झालं."

"वर्ष." त्यांनी डोळा भिंगावरून काढला नाही. स्लाइड हळूहळू सरकवत राहिल्या, एका कोपऱ्यात थांबल्या. "इकडे ये. बघ. डाव्या टोकाला काय दिसतं?"

दुसऱ्या भिंगातून मी पाहिलं. "ग्रंथी आहेत. तीन. चेपलेल्या."

"चेपलेल्या, पण साध्या. पोटाच्या नेहमीच्या. यांना रंग यायला हवा होता. कोऱ्या आहेत. सकाळी मी त्या चिरडल्यात म्हणून सोडून दिल्या, कारण तुझा कंट्रोल चांगला होता." त्या खुर्चीत मागे झाल्या. "तू साक्षीदार बदललास आणि मी कोपरा सोडला. रिपोर्टावर सही माझी आहे. फोन दे."

पलीकडून सबनीसांचा आवाज मला दोन हातांवरूनही ऐकू येत होता.

"मॅडम, दहा वाजता तुम्ही हो म्हणालात. बारा वाजत नाहीत तोवर माहीत नाही म्हणता?"

"हो. असंच म्हणतेय."

"मग काय करू मी? रविवारी ती पोरगी पुन्हा ब्लीड झालीय. हा कॅन्सर असेल आणि मी आज सोडून गेलो, आणि व्रण मधेच फुटला, तर पुढचे पंधरा दिवस इथे हात घालणारा कोण आहे?"

"ते मला कळतंय. पण आज काढलेलं जठर उद्या परत बसवता येणार नाही, सबनीस."



"उत्तर कधी?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी चार बोटं दाखवली.

"चार वाजता."

"चार. चार वाजून पाच मिनिटांनी मी तिला आत घेईन किंवा घरी पाठवीन, पण तुमच्या तोंडून ऐकून. आणि मॅडम, या वेळी अंदाज नको."

"अंदाज सकाळीही नव्हता," मॅडम म्हणाल्या. "चूक होती." आणि फोन ठेवला.

माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला काय बोलायचं ते मी उद्या बोलेन. ठोकळ्यात किती उरलंय?"

तिथेच खरी अडचण होती. कणीएवढ्या तुकड्याचे आधीच तीन तपासण्यांसाठी काप गेले होते. मी ठोकळा उजेडाकडे धरला. मेणात एक फिकट ठिपका उरला होता, मिटत आलेल्या डागासारखा. पाच काप निघाले असते, फार तर सहा. ते वाया गेले तर लावण्याला पुन्हा दुर्बीण घालावी लागली असती, ओल्या व्रणावर, आणि ती त्या आठवड्यात कुणीच घातली नसती.

ठोकळा बर्फावर ठेवला. नवीन पातं लावलं. पंखा बंद केला, कारण एवढा पातळ काप श्वासानेही उडतो. पहिला काप गुंडाळला गेला. दुसरा निघाला, पण कोमट पाण्यावर सोडताच मधोमध फाटला.

"दोन गेले," मॅडम दारातून म्हणाल्या.

"हो."

"चहा घेतोस?"

"नको."

"मग बाहेर जाऊन ये एक मिनिट. मी इथे उभी राहते. कुणी तुकडा चोरणार नाही."

मी जिन्यापर्यंत जाऊन आलो, थंड पाण्याने हात धुतले, पुसले. तिसरा आणि चौथा काप सलग, एका पट्टीत आले. पाण्यावर तरंगले, सुरकुती नाही. खालून स्लाइड घालून दोन्ही उचलले. मग त्याच स्लाइडच्या दुसऱ्या टोकाला ॲपेंडिक्सचा ताजा काप चढवला. आता साक्षीदार आणि पेशंट एकाच काचेवर होते. एक शिजला तर दुसरा शिजणार होता. अक्कलकोटच्या बाईचीही नवी स्लाइड त्यांच्यासोबत ठेवली.

बारा पन्नासला मी कुकर गॅसवर चढवला. मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या. नऊ वर्षांत मॅडम त्या खोलीत कधी बसल्या नव्हत्या.

लॅब पहिल्या मजल्यावर होती. खाली खाणावळ. माझ्या खोलीची खिडकी त्यांच्या स्वयंपाकघरावर उघडत असे आणि दुपारी फोडणीचा वास थेट वर यायचा. आम्हा सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

शिट्टी झाली.

"एक," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. ही खालची."

"कशावरून?"

"आपल्या कुकरचं वजन हललं नाही बघा. वाफ नाही."

"मला तर इथलीच वाटली." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "रियाज, काल तू कुकरजवळ उभा होतास का?"

मी उभा नव्हतो. मंगळवारी कुकर चढवून मी पलीकडे नव्याने आलेले तुकडे नोंदवत होतो. दार उघडं होतं, शिट्ट्या मोजल्या होत्या. एक, दोन, तीन. तिसरीला उठून गॅस बंद केला होता. साडेबाराची वेळ. खाली जेवणाऱ्यांची गर्दी, वरणभाताचे दोन कुकर चालू. झाकण जरा लवकर सुटलं असं तेव्हा वाटलंही होतं, पण मला ते सोयीचंच झालं.

"नव्हतो," म्हणालो.

"म्हणजे खाणावळीच्या भातावर आपण कॅन्सरचा रिपोर्ट दिला."

त्या हसतील असं मला वाटलं. हसल्या नाहीत. उठून खिडकी लावून घेतली आणि पुन्हा स्टुलावर बसल्या. मग आमच्या कुकरने पहिली शिट्टी दिली. तिची वाफ छतापर्यंत गेली. मॅडमनी बोट वर केलं. तिन्ही शिट्ट्यांना त्यांनी एकेक बोट वर केलं आणि तिसरीनंतर गॅस स्वतः बंद केला.

एक वीसला अंबादास आला. जिना चढून धापा टाकत थेट आतल्या खोलीत, चपला घालूनच.

"काय चाललंय ओ हे? पोरगीला स्ट्रेचरवर घेतलं, गाउन घातला, आणि डॉक्टर म्हणतात थांबा, लॅबचं काहीतरी हाय. कालपासून पोटात पाण्याचा थेंब नाही तिच्या. काय हाय लॅबचं?"

मॅडम त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "आमच्याकडून चूक झाली, अंबादास. सकाळी दिलेला रिपोर्ट मी मागे घेतलाय. तपासणी परत चालू आहे. चार वाजता खरं सांगेन."

"म्हणजे नसेल बी?"

"नसेलही. असेलही."

"हे काय उत्तर झालं?"

"आत्ता एवढंच खरं आहे."

तो भिंतीला टेकला. गार होत असलेल्या कुकरकडे त्याची नजर गेली. "ह्यात करताव तपासणी? ह्यात आमच्या घरी मसालेभात हुतो."

मी स्लाइडसाठी ट्रे पुसून ठेवला.

"चूक कुणाची?" त्याने मला विचारलं. मॅडमना नाही, मला.

"माझी," मी म्हणालो.

"सहीची चूक माझी," मॅडम म्हणाल्या.

अंबादासने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमचं आपसात नंतर ठरवा. आता नीट करा. शिव्या चारनंतर देतो."

तो गेला नाही. बाहेरच्या बाकावरही बसला नाही. माझ्या खोलीच्या दारात, उंबऱ्यावर बसला. मी स्लाइडवर थेंब टाकत होतो तेव्हा मागून त्याचा आवाज येत होता.

"किती वेळ ठेवायचं हे?"

"एक तास."

"हलवायचं नाही?"

"नाही."

"आईला सहा महिने पेज बी उतरली नाही घशाखाली. लावण्या तेव्हा नववीत. आईला भरवायचं काम तिचं. एक चमचा द्यायला अर्धा तास. ह्या पोरीने आयुष्यात मोठ्याने भूक लागली असं म्हटलं नाही परत. आज सकाळी म्हणाली. अण्णा, भूक लागली. मी म्हटलं, आज नको म्हणू."

मी घड्याळ लावलं आणि त्याच्याकडे वळलो. "अण्णा, पाणी घेता?"

"ती पीत नाही तवर मी कसा पिऊ?"

अडीचला दुसरं रसायन. तीन दहाला तिसरं. वीज जाईल अशी भीती होती. त्या महिन्यात दुपारची जात असे. त्या दिवशी गेली नाही. तीन पस्तीसला शेवटचा थेंब टाकायची वेळ आली. हा थेंब टाकला की पाच मिनिटांत रंग दिसतो किंवा दिसत नाही. तो साध्या डोळ्यांनीही कळतो.

ॲपेंडिक्सच्या टोकाला आधी रंग आला. पातळ चहासारखा, मग गडद. साक्षीदार बोलला होता. म्हणजे या वेळी शिजलं होतं.

लावण्याच्या टोकाला काही नव्हतं.

मी वाकून बघत राहिलो. दोन मिनिटं झाली. तुकडा एवढासा, की त्यावर काही उमटलं तरी डोळ्यांना कळायला वेळ लागणार होता. अंबादास उंबऱ्यावरून उठून माझ्या मागे उभा होता, श्वास माझ्या मानेवर. तिसऱ्या मिनिटाला पारदर्शक ठिपक्याची एक कड मळल्यासारखी झाली. मग मधला भाग.

"आलं का काही?" त्याने विचारलं.

"मॅडम बघतील."

"तुम्हाला काय दिसतंय ते सांगा की ओ भाई."

"मी काही सांगितलं आणि ते परत चुकलं तर?"

तो एक पाऊल मागे सरकला.

मॅडमनी स्लाइड घेतली. खोलीचं दार लावलं नाही. पाच मिनिटं त्या बघत राहिल्या. आधी ॲपेंडिक्स. मग अक्कलकोटची नवी स्लाइड, तिच्यातल्या चांगल्या नळ्या. त्या आता तपकिरी होत्या. मग लावण्याचा तुकडा, डावा कोपरा, तीन चेपलेल्या ग्रंथी. मग बाकीचा तुकडा, लहान भिंगाने, मोठ्या भिंगाने. स्लाइड पहिल्या जागी नेऊन पुन्हा सुरुवातीपासून.

"रियाज, ये."

मी भिंगाला डोळा लावला. प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ होती. सकाळी कोऱ्या दिसलेल्या त्याच फुगलेल्या पेशी. बारीक पेन्सिलने एकेकीचा काठ गिरवावा तशा. एकीची रेघ संपते तिथे दुसरीची सुरू. कुठेही तुटलेली नाही.

"धरून आहेत," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या."

तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी त्यांनी फोन लावला.

"सबनीस, रेणू आहे. शंभर टक्के पेशींत, गडद, सलग. अंतर्गत कंट्रोल, म्हणजे त्याच तुकड्यातल्या साध्या ग्रंथी, त्याही आता बरोबर रंगल्यात. या व्रणातल्या फुगलेल्या साध्या पेशी आहेत. माझ्या मते हा कॅन्सर नाही. व्रण बहुधा त्या दुखण्याच्या गोळ्यांचाच. त्या बंद करा, सहा आठवडे औषध द्या, मग पुन्हा तुकडे घ्या."

"लेखी देता?"

"पंधरा मिनिटांत. सकाळचा रिपोर्ट चुकला होता, हेही त्यात लिहिलेलं असेल. कारणासकट."

पलीकडे सबनीस कुणाशी तरी बोलले. मग फोनवर आले. त्यांचा आवाज खाली आला होता.

"मॅडम, सकाळपासून तिच्या पोटावर मी मार्करने रेघ काढून ठेवलीय. आता स्पिरिटने पुसायला सांगतो. आणि तिला काहीतरी खायला द्या म्हणावं. अगदी पातळ."

अंबादासला हे सांगावं लागलं नाही. तो दारात उभा राहून सगळं ऐकत होता. मॅडमनी ग्लास पुढे केला. या वेळी त्याने तो घेतला, एका दमात संपवला आणि परत दिला.

"चार वाजले, अण्णा," मी म्हणालो. "शिव्या राहिल्यात."

"थांबा की ओ. आधी तिला भरवून येतो." जिन्यावरून त्याने वर पाहिलं. "लई राहिलेत पण. सोडणार नाही."

शिव्या त्याने खरंच दिल्या, दुसऱ्या दिवशी, वॉर्डबाहेर, तेलुगू आणि मराठी मिसळून, चांगली दहा मिनिटं. मी उभा राहून ऐकल्या. मग तो मला आत घेऊन गेला.

लावण्या उशीला टेकून बसली होती. हातात स्टीलची वाटी, तिच्यात पेज. दिसायला अंबादाससारखी, पण बोलणं अगदी हळू.

"हे लॅबवाले?" तिने भावाला विचारलं आणि मग मला. "काल माझं पोट काढणार हुते म्हणे."

"हो."

"आणि तुम्ही थांबवलं."

"आधी मीच काढायला लावलं होतं."

तिने चमचा वाटीत ठेवला. मला वाटलं ती रडेल, पण तिला हसू फुटलं, आणि हसताना दुखलं म्हणून तिने पोट धरलं. "अगं बाई. म्हणजे तुमच्याशी बोलावं का नाही ते कळंना बघा."

मॅडम मला काय बोलायच्या होत्या ते गुरुवारी बोलल्या. दार लावून, दोन वाक्यांत. ती वाक्यं मी इथे लिहीत नाही. फ्रिजमधले तीन साक्षीदार त्यांनी माझ्यासमोर कचऱ्यात टाकले. या दोघी सोडून गेल्या वर्षभरात तो रंग केलेल्या एक्केचाळीस पेशंटच्या स्लाइड आम्ही कपाटातून काढल्या आणि आठ दिवस बसून एकेकीत साध्या पेशींना रंग आलाय का ते तपासलं. सगळ्यांत आला होता. तो आठवडा मी नीट झोपलो नव्हतो. एक्केचाळिसावी स्लाइड बघून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "जा, घरी जा आज लवकर." मी गेलो आणि दुपारी चार वाजता झोपलो तो दुसऱ्या दिवशी उठलो.

मे महिन्यात लावण्याचा व्रण भरला. नवे आठ तुकडे घेतले. आठही साधे.

त्यानंतर लॅबमध्ये मशीन आलं, कुकर गेला. मॅडम २०१८ साली निवृत्त झाल्या. लावण्याची आई आणि मामा यांचा प्रश्न मात्र तसाच होता. इतक्या लहान वयात, एकाच घरात दोघं, एकाच आजाराने. त्यांचे ठोकळे कुठल्याच लॅबमध्ये उरलेले नव्हते. २०१९ साली लावण्याने रक्त देऊन जनुकांची तपासणी करून घेतली. ई-कॅडहेरिन बनवणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. तो निरुपद्रवी आहे की धोक्याचा, हे जगात अजून कुणाला माहीत नाही, असं रिपोर्टात लिहिलं होतं. धोक्याचा ठरला असता तर चांगलं जठरही आधीच काढायला सांगतात; अनिश्चित बदलासाठी काढत नाहीत. पण विसरूनही चालत नाही.

तेव्हापासून दर जानेवारीत तिला दुर्बीण घालतात आणि जठराच्या सगळ्या भागांतून तीसेक तुकडे घेतात. ते मीच कापतो. अजून एकातही काही सापडलेलं नाही. लावण्याने आता गणवेशाचं स्वतःचं दुकान टाकलंय, चार मशीन आहेत. अंबादास रक्त द्यायला तयार नाही. "मला काय हुतंय," म्हणतो. लावण्याची मुलगी या वर्षी एकोणीसची झाली. आपलं रक्त तपासायचं का, हे तिने मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा उत्तराआधीच विषय बदलला.

जनुकाच्या प्रयोगशाळेकडून दर दोन वर्षांनी पत्र येतं. शेवटचं गेल्या महिन्यात आलं. त्यात लिहिलंय की या बदलाच्या वर्गीकरणात फरक पडलेला नाही. अर्थ अनिश्चित.